घरबसल्या मानवशास्त्र

मानवशास्त्र म्हटलं, की हे काही आपल्या उपयोगाचं नाही असं पुष्कळांना वाटतं. वास्तविक या शास्त्राचा विषय आपणच आहोत. माणसाचं शरीर, जमिनीत गाडल्या गेलेल्या त्याच्या खुणा, त्याची भाषा आणि त्याच्या रीतीभाती अशा चार अंगांनी हे शास्त्र माणसाला समजून घेतं. पूर्वी त्यासाठी मांडवगण फराट्याच्या विद्यार्थ्याला एसटी धरून पुण्याचं ग्रंथालय गाठावं लागे. आता यातलं बरंचसं मोबाईलवर फुकट वाचता येतं. ते कुठं सापडतं आणि कसं वाचावं, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळापासून करावी. मानवशास्त्र, कुटुंबसंस्था, जातिसंस्था या विषयांची पायाभूत माहिती तिथं मराठीत मिळते. इंग्रजी वाचण्याची तयारी असेल, तर इग्नूच्या ‘ई-ज्ञानकोशा’त आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘ई-पीजी पाठशाले’त या विषयाचे पाठ क्रमवार आहेत.

मग आपल्या परिसराकडे वळावं. आमच्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली. ही माणसं आपली गेलेली लेकरं तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. गेलेलं मूल घराबाहेर जाऊ नये, अशीच ती माया असेल का? हाडं सांगत नाहीत ते असं विचारावं लागतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’ हे जुने वार्षिक अंक आंतरजालावर आहेत. त्या वर्षांच्या अंकांत इनामगाव शोधून पाहा.

‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर जुन्या ग्रंथांचं भांडारच आहे. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, एन्थोवेनचे १९२० ते १९२२ मध्ये निघालेले मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरचे तीन खंड, हे सारं तिथं सापडतं. पण इथं सांभाळून पाऊल टाकावं. गॅझेटियरमध्ये कुणब्यापासून तांबोळ्यापर्यंत प्रत्येक समाजाची नोंद आहे; पेहराव, जेवण, लग्नाच्या चाली, सगळं आहे. त्याचबरोबर हे लोक कष्टाळू, ते आळशी, असा हजारो माणसांचा स्वभाव एका ओळीत निकाली काढलेला आहे. १८७१ च्या कायद्यानं तर काही जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण जुन्या पुस्तकांतला शिक्का तसाच आहे. पुस्तकाचं साल न पाहता एखाद्या मुलानं तो मजकूर शाळेच्या प्रकल्पात उतरवला, तर शेजारच्या बाकावरच्या पारध्याच्या पोराला काय वाटेल? म्हणून वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : हे कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं आणि कुणासाठी लिहिलं. आडनावांचं ‘मूळ’ सांगणाऱ्या, आधार न देणाऱ्या चित्रफितींनाही हीच कसोटी लावावी.

हे शास्त्र स्वतःलाही तपासतं. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असं त्यांच्या मार्गदर्शकाचं मत होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं.

आणि माणसं स्वतःबद्दल काय म्हणतात, ते ऐकायचं असेल तर ‘पारी’ या संकेतस्थळावर जावं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या इथं प्रसिद्ध होत गेल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. गॅझेटियर लिहिणारा साहेब उंबऱ्याबाहेर उभा होता. ही बाई जात्याशी बसून माहेर, सासर, विठोबा, सवत, जात, सगळं स्वतःच सांगते. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला हीच मराठीची पहिली शाळा वाटते. जातं आमच्याही घरात होतं.

संकेतस्थळावर जे नाही, ते गावात आहे, पण ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या दरसाल कमी होत आहेत. मोबाईल हातात आहेच. आजीला विचारून, तिच्या परवानगीनं तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा. नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.