व्यसनमुक्तीची वाट (भाग ६) : मीटिंगला जायचं म्हणजे काय?

दारू थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत शरीराला काय त्रास होतो, ते मागच्या भागात पाहिलं. हात थरथरतात, भास होतात, क्वचित फिट येते. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये, हे पुन्हा सांगतो. तो त्रास ओसरतो. पुढे उरतात त्या संध्याकाळच्या वेळा. कामावरून सुटल्यावर पाय सवयीने गुत्त्याकडेच वळतात. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसायची मीटिंग आहे ती या वेळेसाठी. तिची सुरुवात अशी झाली.

१९३५ साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरी गेला होता. दारू सुटून जेमतेम काही महिने झालेले, त्यात हातचा व्यवहार फसला आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याशी बोललो तर निभावेल, असं त्याला वाटलं. चार ठिकाणी फोन केल्यावर भेटले डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन आणि दारूने पार पोखरलेले. त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘एए’, उभी राहिली. १९५७ पासून ती भारतात आहे.

आपल्याकडे मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या एखाद्या खोलीत भरते. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली असतात. त्यांत हमाल असतो, बँकेतला साहेब असतो. चेअरपर्सन सुरुवात करून देतो. मग एकेक जण आपलं पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि बोलू लागतो : काल पगार झाला, बारसमोर थांबलो, मग अमक्याला फोन लावला. मध्येच कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. याला शेअरिंग म्हणतात. नवख्याने नुसतं ऐकलं तरी चालतं. फी नाही, नोंदवही नाही. शेवटी पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल तो टाकतो. बाहेरून देणगी घ्यायची नाही हा संस्थेचा नियमच आहे. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच अट.

मीटिंग शोधणं अवघड नाही. एएची हेल्पलाइन आणि संकेतस्थळ आहे. निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा : संकेतस्थळावर दिलेला वार आणि वेळ तीच आहे का, मीटिंग मराठीत चालते की हिंदी-इंग्रजीत, आणि ती ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. ओपनला नातेवाईकही बसू शकतात. जवळपास ग्रुप नसेल, किंवा बाई म्हणून पुरुषांनी भरलेल्या वर्गात जायला संकोच वाटत असेल, तर ऑनलाइन मीटिंग आहेत, काही खास स्त्रियांसाठी. गावात कुणी पाहील या भीतीने शेजारच्या तालुक्याला जाणारेही असतात. त्यात काहीही गैर नाही.

पहिली मीटिंग पुष्कळांना आवडत नाही. प्रार्थना खटकते, कुणाचं रडगाणं कंटाळवाणं वाटतं. तेवढ्यावर निकाल लावू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. दोन-तीन ग्रुप पाहा, प्रत्येक ठिकाणी काही वेळा जा. देव मानत नसाल तरी अडत नाही, एएमध्ये जिचा उल्लेख होतो ती ‘उच्च शक्ती’ म्हणजे काय ते ज्याचं त्याने ठरवायचं. मला विचाराल तर पहिल्या दिवशी एकच काम करावं : दारू सोडून बराच काळ झालेल्या जुन्या माणसाचा नंबर घ्यावा आणि रात्री त्याला फोन लावावा. घसरण होते ती दोन मीटिंगच्या मधल्या वेळात.

याचा उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. एएशी जोडून देणाऱ्या उपचारांमुळे लोक दारूपासून पूर्ण दूर राहण्याचं प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांइतकं किंवा त्याहून अधिक आढळलं. तरीही औषधं चालू असतील तर ती मीटिंगच्या भरवशावर बंद करू नयेत. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांनी तिथला फॉलो-अपही सोडू नये.

आता घरच्यांसाठी. नवऱ्याला फसवून, ‘जरा फिरून येऊ’ म्हणत मीटिंगला नेऊ नका. तो दुसऱ्यांदा यायचा नाही. तो येत नसेल तर तुम्ही जा. अल्-अनॉन हा ग्रुप १९५१ पासून खास कुटुंबीयांसाठी आहे, आणि तिथे जायला घरातल्या माणसाची दारू सुटलेली असावी लागत नाही. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर १४४४६ या सरकारच्या मोफत नशामुक्ती हेल्पलाइनवर आजच फोन करा.