नागरिकत्वाची शपथ : समारंभ की कायदेशीर कृती?

ऑस्ट्रेलियात १७ सप्टेंबर हा ‘नागरिकत्व दिन’ म्हणून २००१ पासून साजरा होतो. २६ जानेवारी १९४९ पूर्वी ‘ऑस्ट्रेलियन नागरिक’ असा कायदेशीर दर्जाच नव्हता. तेथील लोक ब्रिटिश प्रजाजन गणले जात. १९४८ च्या कायद्याने तो दर्जा निर्माण केला आणि १७ सप्टेंबर १९७३ रोजी त्या कायद्याला ‘ऑस्ट्रेलियन नागरिकत्व कायदा’ हे नाव मिळाले. दिनाची तारीख त्यावरून घेतली आहे.

या दिवशी नव्या नागरिकांचे स्वागत होते. बहुतेक समारंभ स्थानिक नगरपरिषदा भरवतात. शपथेची दोन रूपे आहेत : एकात ईश्वराचा उल्लेख असतो, दुसऱ्यात नसतो. निवड ज्याची त्याने करायची. टाळ्या आणि छायाचित्रे पाहून हा निव्वळ सोहळा वाटेल, पण तसे नाही. अर्ज मंजूर झालेली प्रौढ व्यक्ती साधारणपणे शपथ घेतल्यावरच नागरिक होते. तोवर ती केवळ कायम रहिवासी असते.

शपथ घेणारी व्यक्ती भारतीय असेल, तर त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते. आपल्या नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही; जुना पासपोर्ट मात्र परत करावा लागतो. पुढे ओसीआय कार्ड मिळू शकते. नावात ‘नागरिक’ असले तरी (हे नाव फसवे आहे, परीक्षेतही इथेच गोंधळ होतो) त्याने भारतात मतदानाचा हक्क मिळत नाही.

भारतात देशीयकरणाने नागरिक होणाऱ्यालाही निष्ठेची शपथ घ्यावीच लागते. तिचा मजकूर याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. मात्र कलम ६ नुसार नागरिकत्व मोजले जाते ते प्रमाणपत्राच्या तारखेपासून.