‘यूज्ड टू’ : मागे पडलेलं आणि अंगवळणी पडलेलं



आज एकच शब्दजोडी घेऊ: ‘यूज्ड टू’. दिसायला सोपी, पण मराठी माणसाला हमखास अडकवणारी. कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘सवय’ हा एकच शब्द वापरतो. ‘मला पहाटे पळायची सवय होती’ म्हणजे पूर्वी पळायचो. ‘मला गर्दीची सवय आहे’ म्हणजे गर्दीचा त्रास होत नाही. इंग्रजीत या दोन अर्थांच्या रचना वेगळ्या आहेत. त्या समजून घ्यायला कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवर जाऊ.

पहिली रचना: ‘यूज्ड टू’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. आपलं ‘जायचो, राहायचो, जात असे’. फाळणीनंतरही सियालदहहून पूर्व पाकिस्तानात गाड्या जात. १९६५च्या युद्धाच्या वेळी त्या बंद झाल्या. म्हणून म्हणायचं, ‘ट्रेन्स यूज्ड टू गो फ्रॉम सियालदह टू खुलना.’ पूर्वी जायच्या, आता जात नाहीत. ही रचना फक्त भूतकाळाची. आजची सवय सांगायची तर ‘आय यूजुअली गो’ म्हणा, ‘आय यूज टू गो’ नाही. नकारात ‘डिड नॉट यूज टू’ लिहा; ‘डिड’ आला की ‘यूज्ड’चा शेवटचा ‘ड’ गळतो.

इथे एक खाचखळगा आहे. भारतातली पहिली घोड्यांची ट्राम २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी धावली आणि त्याच नोव्हेंबरात बंद पडली. नेमका कालावधी सांगताना ‘यूज्ड टू’ नको, साधा भूतकाळ हवा: ‘द ट्राम रॅन फॉर नाइन मंथ्स.’ कितीदा घडलं याचा आकडा सांगतानाही तसंच.

‘यूज्ड टू’ऐवजी ‘वुड’ चालतं का? वारंवार केलेल्या कृतीसाठी चालतं: ‘एव्हरी संडे ही वुड टेक द ट्राम.’ स्थितीसाठी नाही. ‘तो इथे राहायचा’ हे ‘ही यूज्ड टू लिव्ह हिअर’ असंच.

दुसरी रचना: आधी ‘अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर’, मग ‘यूज्ड टू’, पुढे नाम किंवा ‘इंग’ लागलेलं क्रियापद. अर्थ, अंगवळणी पडलेलं. सियालदहच्या लोकलने रोज येणारा म्हणेल, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू द क्राउड’ किंवा ‘आय अ‍ॅम यूज्ड टू स्टँडिंग.’ सवय अजून लागते आहे, असं असेल तर ‘आय अ‍ॅम गेटिंग यूज्ड टू इट.’

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कित्येक निर्वासित कुटुंबं याच स्टेशनच्या फलाटांवर राहिली.

‘फॅमिलीज यूज्ड टू लिव्ह ऑन द प्लॅटफॉर्म.’
‘फॅमिलीज वेअर यूज्ड टू लिव्हिंग ऑन द प्लॅटफॉर्म.’

पहिलं वाक्य घडलेलं सांगतं: कुटुंबं फलाटावर राहायची. दुसरं म्हणतं की फलाटावर राहणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, त्याचं त्यांना विशेष काही वाटत नव्हतं. घरदार सोडून आलेल्या माणसांबद्दल आपण नकळत हे बोलून जातो. व्याकरणाची चूक अशी माणसावर अन्याय करते.

आपल्या मुलांचंही तेच. रात्रपाळीच्या नोकरीच्या मुलाखतीत ‘आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट’ म्हटलं, तर समोरचा समजतो, पूर्वी करायचा, आता करत नाही. म्हणायचं होतं, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट.’

बोलण्याआधी स्वतःला विचारा: मला ‘करायचो’ म्हणायचंय की ‘सरावलोय’? उत्तर मिळालं की रचना आपोआप ठरते.

गृहपाठ: गावाकडच्या बंद पडलेल्या तीन गोष्टी पहिल्या रचनेत लिहा आणि आज तुम्ही सरावलेल्या तीन गोष्टी दुसऱ्या रचनेत. मोठ्याने वाचा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!