तुरुंगाचा पहारेकरी

आपल्या ओळखीचा एखादा माणूस तुरुंगात शिपाई असतो. गावी आला की लोक विचारतात, "काय हो, कैद्यांत वावरताना भीती नाही वाटत?" तो म्हणतो, "वाटते की! पण कुणीतरी करायलाच हवं ना?"

खरेच आहे. बराकीत कैदी पुष्कळ, पहारेकरी थोडे. कैदी मोजायचे, कुलपे लावायची, भांडणे सोडवायची. अशा माणसाला कामावर असताना कोणी मारले, तर कायदा काय म्हणतो? तेच आज आम्ही सांगणार आहोत.

इंग्रजांच्या अमलात १८६० साली दंडविधान झाले. त्यात ३०३ वे कलम होते. जन्माची काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्याने खून केला, तर त्याला फाशीच. दुसरी शिक्षा नाही! पुढे काळे पाणी गेले, जन्मठेप आली. कलम मात्र राहिले. ते कशासाठी होते? जन्मभर कैदेत राहणाऱ्याला आणखी कसला धाक? त्याने तुरुंगातल्या नोकरांच्या जिवावर उठू नये, हा मुख्य हेतू.

हेतू चांगला, पण कलम आंधळे. जन्मठेपेचा कैदी रजेवर घरी आला. तिथे कोणी त्याला डिवचले, रागाच्या भरात त्याच्या हातून खून झाला. त्यालाही फाशीच! न्यायाधीशाला काही विचार करायची सोयच नव्हती. सुक्याबरोबर ओलेही जळायचे. म्हणून १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. निकाल देणारे न्यायाधीश पाच होते. त्यांत पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते.

मग पहारेकरी उघडा पडला का? नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. सरकारी नोकराला काम करू न देण्यासाठी कोणी त्याच्या अंगावर गेला, तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इजा केली, तर कैद ५ वर्षांपर्यंत. मूळच्या जुन्या कायद्यात ती ३ वर्षांपर्यंत होती. जबर दुखापत केली, तर निदान १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षे कैद आणि वर दंड. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला, तर फाशी किंवा मरेपर्यंत कैद. दोहोंपैकी कोणती, ते न्यायाधीश सगळी हकीकत पाहून ठरवतात.

आणि पहारेकऱ्यानेच कैद्याला मारले तर? तोही गुन्हाच. दिल्लीच्या तिहार तुरुंगात एका कैद्याला मारहाण झाली. दुसऱ्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्राचीच दखल घेतली आणि १९७९ साली निकाल दिला, की कैदेत असला तरी माणसाचे हक्क संपत नाहीत.

शिपाई संध्याकाळी धडधाकट घरी यावा, आणि कैदीही शिक्षा भोगून धडधाकट घरी यावा. कायदा हवा तो या दोघांसाठी.