रानाच्या काठावर (7) : मोकळा कुत्रा आणि डुकराची तार

गेल्या आठवड्यात रानडुकरांच्या कळपांनी होणाऱ्या नुकसानीबद्दल लिहिलं होतं. त्याच अंधारात, त्याच धुऱ्यावर आणखी दोघे वावरत असतात. एक राखणीला मोकळा सोडलेला कुत्रा, दुसरा डुकरासाठी तार लावणारा माणूस. लक्ष दोघांचंही डुकरावरच असतं, पण कुत्र्याला ते पळवून लावायचं असतं आणि शिकाऱ्याला ते तिथेच यायला हवं असतं. भांडणाचं मूळ इथे आहे.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. बाहेरच्या लोकांना ही गावं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ठाऊक आहेत. वर्षाचे बाकी दिवस इथला शेतकरी संत्रा, कापूस, तूर, मका यांत गुंतलेला असतो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे त्याचे तालुके. राज्य मध्य प्रदेश, घरात मराठी, आणि पाठीशी सातपुडा. डोंगराच्या उतरणीवरच्या वावरांना रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास नवा नाही. डुक्कर मका लोळवतं, भुईमूग उकरतं. रोही संत्र्याच्या कोवळ्या कलमांचे शेंडे खातो.

रात्री जागल करायला माणूस मिळत नाही, मिळाला तरी रोज जागू शकत नाही. म्हणून कुत्रा. बांधलेला कुत्रा नुसता भुंकतो आणि चार दिवसांत डुकरांना कळतं की हा जागचा हलणार नाही. मोकळा कुत्रा अंगावर धावून जातो. त्यामुळे शेतकरी त्याला साखळी घालत नाही, ही हलगर्जी नसून हिशेब आहे. पण मोकळा कुत्रा धुरा ओळखत नाही. तो शेजारच्या वावरात जातो, नाल्यात उतरतो, भादव्यात तर मादीच्या मागे कोसभर भटकतो. भाकरी त्याला तीन घरांतून मिळते, नोंद कुठेच नसते. जिवंत असताना तो सगळ्यांचा असतो. मेल्यावर मालक म्हणून पुढे कोण येणार, हा प्रश्न उरतो.

शिकारीच्या पद्धती तीन. पहिली फास: गाडीच्या क्लचची किंवा ब्रेकची तार जनावराच्या वाटेवर गळ्याच्या उंचीवर लावायची. दुसरी गावठी बॉम्ब: स्फोटक दारू पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात भरून ठेवायची, डुकराने चावली की जबडा उडतो. तिसरी आणि सर्वांत घातक, वीज: खांबावर आकडा टाकून खुंट्यांवरून उघडी तार पाणवठ्याकडे न्यायची. तिन्ही सापळे समोर कोण आलं ते पाहत नाहीत. चरबीच्या वासावर कुत्रा डुकराच्या आधी पोचतो. फासाची वाट डुकराची असते तशी त्याचीही असते. शिवाय तो शिकाऱ्यावर भुंकतो, सावज उठवतो, पडलेल्या जनावराला तोंड लावतो. म्हणून काही ठिकाणी सापळ्याची वाटही पाहिली जात नाही. राखणीच्या कुत्र्याला सरळ विष घातलं जातं.

शिकारी म्हटलं की बोट लगेच पारध्यांकडे जातं. 1871 च्या कायद्याने अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या, 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यातून पुसला गेला, लोकांच्या मनातून मात्र गेला नाही. विजेची तार टाकायला खांब जवळ लागतो, वावराची माहिती लागते आणि मटण विकायला ओळख लागते. हे सगळं असलेला माणूस बहुतेक वेळा गावातलाच असतो, कधी शेजारच्याच धुऱ्यावरचा.

कुत्रा आणि शिकारी यांचं भांडण दुसरीकडेही आहे. जर्मनीत शिकारीचा हक्क कायद्याने मिळतो, आणि रानातली जनावरं मोकाट कुत्र्यांपासून वाचवणं हे तिथल्या शिकाऱ्याच्या कामांत मोडतं. काही परिस्थितींत तो असा कुत्रा मारू शकतो, म्हणून तिथे मालक आणि शिकारी उघड भांडतात, न्यायालयात जातात. स्वीडनमध्ये 1 मार्च ते 20 ऑगस्ट, म्हणजे पिल्लांच्या दिवसांत, जनावरं असलेल्या भागात कुत्रा मोकळा भटकू नये याची जबाबदारी मालकावर आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवरच बंदी आहे. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायलाही कलम 11 खाली अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. म्हणजे सावरगावच्या धुऱ्यावरच्या शिकाऱ्याला कुठलाच हक्क नाही, तरी कुत्र्याचा मालक तक्रार करत नाही.

का करत नाही? एक कारण भीती. मे 2022 मध्ये याच राज्यात, गुना जिल्ह्यात, काळवीट मारणाऱ्यांनी 3 पोलिसांना गोळ्या घालून ठार केलं. मग एकट्या शेतकऱ्याने कोणाच्या भरवशावर नाव घ्यायचं? दुसरं कारण जास्त अवघड आहे. त्याचाही कुत्रा कधी ससा धरतो, कधी हरणाचं पाडस. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावर पिटाळणं, त्याचा पाठलाग करून धरणं हेही येतं. कुत्रा आपणहून धावला आणि मालकाने धाववला यांत फरक आहे, पण वनरक्षकासमोर उभं राहिल्यावर तो सिद्ध करायची धास्ती वाटते. आणि कधी स्वतःच्याच कुंपणात करंट सोडलेला असतो. मग कुत्रा नाल्याकाठी पुरला जातो आणि विषय मिटतो.

मुंबईत एकदा असं मिटलं नव्हतं. 1832 च्या जूनमध्ये पोलिसांनी बक्षिसाच्या आशेने भटके कुत्रे मारायला सुरुवात केली आणि घरचे कुत्रेही ओढून नेले जात असल्याची ओरड झाली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे, मृतदेह त्याच्या नजरेस पाडण्याचा विधी आहे. लोक पोलिसांवर चालून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, फौजेची रसद अडली, सैन्य बोलवावं लागलं. त्या मालकांच्या हातात बाजार होता. पाच एकर संत्रावाल्याच्या हातात तसं काही नाही.

पण या गप्प बसण्याची किंमत कुत्र्यापुरती राहत नाही, आणि हा भाग लिहिण्याचं कारण तेच आहे. एप्रिल 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ हा वाघ शेताच्या कुंपणातल्या विजेने मेला आणि पुरून टाकला गेला. तो गाजलेल्या ‘जय’ वाघाचा बछडा होता, गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून शोध झाला. कुत्र्याच्या गळ्यात कॉलर नसते. तरी तारेची पहिली खबर बहुधा तोच देतो, कारण तो रोज रात्री ती वाट तुडवतो. आज तिथे कुत्रा मेला असेल तर उद्या पाणी द्यायला निघालेला माणूस मरू शकतो.

कायदा कुत्र्याला विसरलेला नाही. जुन्या दंडसंहितेत जनावर मारण्याचा गुन्हा त्याच्या किमतीवर ठरायचा, 10 रुपये की 50 रुपये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये किमतीची अट नाही. कोणतंही जनावर मारलं, त्याला विष घातलं, पंगू केलं तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वीजचोरीचं कलम वेगळं, फास लावल्याचा वन्यजीव गुन्हा वेगळा.

मालकाकडेही मागणं आहेच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर अबी वनक आणि सहकाऱ्यांनी खोकडांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की कुत्रा आसपास असला की खोकड अन्नाजवळ यायचं कमी करतं. नुसत्या असण्यानेही उपाशी ठेवता येतं, चावायची गरज नसते. त्यात रोगांची भर: 2018 मध्ये गीरच्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपर पसरला, तो विषाणू कुत्र्यांतही असतो. म्हणून राखणीचा कुत्रा ठेवायचा तर रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचावी, नसबंदी करावी, गळ्यात पट्टा असावा. पट्टा म्हणजे हा कुत्रा आमचा आहे ही उघड कबुली, आणि तीच पुढे तक्रारीत कामाला येते. दिवसा त्याला बांधावं. रात्री सोडलाच तर कुंपणाच्या आत सोडावा.

आणि कुत्रा मेलेला सापडला तर तो लगेच उचलू नका. तारेत वीज असू शकते. आधी वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या. जागेचे, तारेचे, खुंट्यांचे फोटो काढा. 112 वर फोन करा आणि वनरक्षकालाही कळवा, कारण त्या तारेने शिकारीचा गुन्हा आधीच घडलेला आहे. पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. विष की वीज हे त्यातून कळतं. एकट्याचं नाव पुढे यायला नको असेल तर त्या शिवारातल्या चार-पाच जणांनी मिळून सही करा, किंवा सरपंचाच्या पत्राने अर्ज द्या. पुढच्या आठवड्यात सौरकुंपणाबद्दल: त्याचा झटका डुकराला मागे कसा हटवतो आणि जीव का घेत नाही, ते पाहू.