ट्रॅक्टरची निगा : विक्रेत्याकडून कीं घरच्या हातानें ?

बैलजोडी पाळणारा शेतकरी बैलाची निगा दुसऱ्यावर सोंपवीत नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी होते ती घरच्याच हातानें. परंतु बैलाचें पोट फुगलें किंवा पाय मोडला, तर तोच शेतकरी पशुवैद्याकडे धांव घेतो. घरीं काय करावें व वैद्याकडे काय न्यावें, ही मर्यादा त्यास पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या बाबतींत मात्र ती पुष्कळांच्या मनांत अद्याप स्पष्ट नाहीं. कोणी प्रत्येक किरकोळ कामासाठीं विक्रेत्याच्या कार्यशाळेचा रस्ता धरितो, तर कोणी खर्च वांचविण्याच्या लोभानें स्वतःच पंप खोलून बसतो. नुकसान दोघांचेंही होतें. म्हणून ही मर्यादा कोठें आंखावी, याचा येथें विचार करूं.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील भारी काळ्या जमिनींत पाऊस पडून वाफसा आला म्हणजे पेरणीस थोडेच दिवस मिळतात. रान चिकट असतां औत चालत नाहीं. ओल उडाल्यावर सोयाबीन नीट उगवत नाहीं. अशा वेळीं ट्रॅक्टर तीन दिवस उभा राहिला, तर त्याचें नुकसान सर्विसिंगच्या बिलाहून सहज मोठें होतें. तेव्हां प्रश्न केवळ मजुरीचे रुपये वांचविण्याचा नाहीं. पेरणीच्या दिवशीं यंत्र चालेल कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम बिलाची फोड करावी. त्यांत तेल व फिल्टर यांची किंमत असते, ती घरीं काम केलें तरी द्यावीच लागते. वांचते ती मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च. उदगीराहून लातूर सुमारें ६५ किलोमीटर आहे. ताशीं २५ किलोमीटर वेगानें ट्रॅक्टर नेल्यास जाण्यास अडीच तास व येण्यास अडीच तास लागतात, डिझेल जळतें व चालकाचा दिवस जातो तो वेगळाच. ज्यास अशी कार्यशाळा दूर पडते, त्याची घरच्या कामानें मोठी बचत होते. ज्याच्या गांवीं विक्रेता मिस्त्री पाठवितो, त्याची थोडी होते. हा हिशेब प्रत्येकानें आपापल्या बिलावरून करावा.

नवा ट्रॅक्टर हमीच्या मुदतींत असेपर्यंत मात्र ठरलेली सर्विसिंग अधिकृत विक्रेत्याकडेच करावी. पहिली सर्विसिंग बहुधा ५० तासांनीं असते. ती चुकविल्यास पुढें मोठा बिघाड झाल्यावर हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. प्रत्येक वेळचें बिल व मीटरवरील तास जपून ठेवावे.

हमी संपल्यावर पुढील कामें घरीं निःशंकपणें करावीं. रोज सकाळीं यंत्र सुरू करण्यापूर्वीं सपाट जागीं उभें करून पट्टीवर इंजिन ऑइल पाहावें, रेडिएटरचें पाणी पाहावें, व निपलांस ग्रीस द्यावें. रेडिएटरचें झांकण यंत्र गरम असतां कधींही उघडूं नये. वाफेनें तोंड भाजतें. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत इंजिन ऑइल २५० तासांनीं बदलावयाचें असतें. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. ऑइल काढावयाचें तें यंत्र कोमट असतां, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर पडतो. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. काढलेलें काळें तेल विहिरीजवळ किंवा रानांत ओतूं नये. तें डब्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें.

आपल्याकडे सर्वांत अधिक लक्ष एअर क्लीनरकडे हवें. सोयाबीनच्या मळणींत व उन्हाळी नांगरटींत धुरळा फार उडतो. तो सिलिंडरांत शिरला कीं लायनर व रिंगा झिजतात, यंत्र तेल खाऊं लागतें व निळसर धूर सोडतें. मग इंजिन उतरविण्यावांचून गत्यंतर राहात नाहीं. तेलाचा क्लीनर असल्यास अशा दिवसांत त्याचें तेल रोज पाहावें व गढूळ होतांच बदलावें. असें दहा मिनिटांचें काम हजारोंचा खर्च टाळतें. आणि तें कोणताही विक्रेता रोज येऊन करणार नाहीं.

डिझेल पंप व नोझल यांची जुळणी, क्लच, गिअरपेटी आणि हायड्रॉलिकचे आंतील भाग यांस मात्र घरीं हात लावूं नये. त्यांस मोजमापाचीं साधनें लागतात व शिकलेला मिस्त्री लागतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले आहेत; त्यामुळें अशा यंत्रांत विजेच्या संवेदकांनीं चालणारी डिझेलची योजना आली आहे. तिच्या नळ्यांतील दाब इतका प्रचंड असतो, कीं सुटलेली बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. येथें धाडस हा शहाणपणा नव्हे.

यावरून विक्रेता सांगेल तें मुकाट्यानें ऐकावें असें मात्र नाहीं. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार कंपन्यांस सुमारें २,५४४ कोटि रुपये दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीचीं साधनें बाहेरच्या मिस्त्र्यांस मिळूं दिलीं नाहींत, हा त्यांजवरील ठपका होता. त्याविरुद्ध पुढें अपिलें झालीं. २०२२ च्या जुलैंत केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिती नेमली. तिनें प्रथम निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीचीं अवजारें आहेत. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत शेतीयंत्रांसाठीं असाच कायदा २०२३ मध्यें मंजूर होऊन १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. तेव्हां आपणही बिलांत प्रत्येक भाग व मजुरी स्वतंत्र लिहून मागावी, आणि बदललेला जुना भाग डोळ्यांनीं पाहावा.

सारांश, रोजची निगा व तेल-फिल्टर घरीं. हमीची सर्विसिंग विक्रेत्याकडे. पंप व पेट्या जाणत्या मिस्त्र्याकडे. शिवाय वर्षांतून एकदां, मे महिन्यांतच, संपूर्ण तपासणी करून घ्यावी. पाऊस पडल्यावर मिस्त्री शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. एक वही ट्रॅक्टरच्या नांवें घालावी व तींत तारीख, तास, काम आणि खर्च लिहीत जावें. खंडेनवमीस आपण यंत्रास हळदकुंकू वाहतों. त्याच दिवशीं ती वहीही उघडून पाहिली, तर वर्षभर यंत्राची सेवा खरोखर झाली कीं नाहीं हें कळून येईल.