ह्यूस्टनचा भेक

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन या महानगराचे नाव धारण करणारा एक भेक त्या शहराच्या परिसरात मात्र आज आढळत नाही. भेक म्हणजे खडबडीत कातडीचा, बहुतांशी जमिनीवर राहणारा बेडूक. या भेकाची स्वतंत्र जात म्हणून नोंद १९५३ साली झाली. त्या दशकातील दीर्घ अवर्षण आणि पाठोपाठ झपाट्याने झालेली शहराची वाढ यांमुळे १९६० नंतरच्या दहा वर्षांत तो ह्यूस्टनमधून नाहीसा झाला. १९७० साली अमेरिकन शासनाने त्यास संकटग्रस्त प्राणी म्हणून संरक्षण दिले.

त्याची लांबी पाच ते आठ सेंटिमीटर असते. रंग तपकिरी अथवा करडा. विणीच्या काळात नराचा गळा काळसर दिसतो. रूपात विशेष काही नाही. विशेष आहे तो आवाज! नराची उंच, सुरेल साद दहा सेकंदांहूनही अधिक काळ अखंड चालते.

ही साद जानेवारी ते जून या काळात, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐकू येते. पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात मादी माळेसारखी लांबलचक हजारो अंडी घालते. आठवड्याभरात शेपटी असलेली पिल्ले, म्हणजे भैकेर, बाहेर पडतात. त्यांना पाय फुटून ती जमिनीवर येईपर्यंत डबके टिकले पाहिजे. याला साधारण दोन महिने लागतात. बारमाही तळे अधिक सोयीचे, असे कोणासही वाटेल. परंतु तेथे मासे व इतर भक्षक असल्याने पिल्लांचा निभाव लागणे कठीण.

प्रौढ भेकास पाइन वृक्षांची सावली आणि खोल, भुसभुशीत वाळू लागते. जमीन उकरण्यात तो फारसा तरबेज नाही. वाळूत शिरूनच तो थंडी आणि कडक उन्हाळा काढतो. कुरणांसाठी तेथे सर्रास लावलेले बर्म्युडा गवत म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली हरळी होय. आपण जिला दूर्वा म्हणून देवाला वाहतो, तिच्याच दाट जाळ्यात या भेकाला धड चालता येत नाही, की बीळ करता येत नाही. त्यात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आगमुंग्या नुकत्याच जमिनीवर आलेल्या पिल्लांचा फडशा पाडतात.

उरलेल्या भेकांचा मुख्य आश्रय बॅस्ट्रॉप परगण्यातील पाइनचे वन हा होता. सप्टेंबर २०११ मधील वणव्यात तेथील सुमारे ३४,००० एकर क्षेत्र होरपळले. ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात मात्र २००७ पासूनच या भेकांचे संगोपन सुरू झाले होते. तेथे मिळालेल्या अंड्यांच्या माळा बॅस्ट्रॉपमधील डबक्यांत नेऊन सोडल्या जातात.